‘घरी सगळे मजेत’ या मालिकेतील दोष

३ जून

प्रिय पंडित,

आशीर्वाद तुला लागू पडत नाहीत हे लहानपणापासून बघतेय, म्हणून ते वगळून थेट कामाचं लिहिते.

आमची जुनी मालिका आठवते ना, ‘घरी सगळे मजेत’? आठवत नाही म्हणालास तर तुझ्या बायकोला साक्षीला बोलावीन. मी त्यात आई होते. तेव्हा मी जेमतेम तिशीत होते, आणि माझा थोरला मुलगा झालेला नट सेटच्या मागे उभा राहून सिगारेट ओढायचा. आता मी खरोखर त्या आईच्या वयाची झाले, तर वाहिनीला आमची आठवण आलीय. तासाभराचा एकच नवा भाग काढणार आहेत. तोच दिवाणखाना, तीच माणसं, फक्त केस पिकलेली. मलाही बोलावणं आहे. महिनाअखेरीला फोटो काढायला जायचंय.

तर काम असं. तू या मालिकेला जन्मभर नावं ठेवत आलास. लग्नात, बारशात, आजारपणात भेटायला येऊनसुद्धा. ती सगळी नावं एकदा कागदावर उतरव. गोड लावू नकोस. का हवीत ते विचारू नकोस. आणि फोन करू नकोस. फोनवर तू ऐकत नाहीस, माझं संपायची वाट बघतोस.

ताई


११ जून

ती. ताईस साष्टांग नमस्कार. (मनानेच. आठही अंगं एकदम जमिनीला लागावीत एवढी एकी त्यांच्यात आता राहिलेली नाही.)

तुझं पत्र आलं आणि मला भरून आलं. ज्या विषयाची मी वर्षानुवर्षं फुकट तयारी करत होतो, त्याची अखेर कुणीतरी प्रश्नपत्रिका काढली. तू दिलेली कॅसेटची पेटी माळ्यावरून उतरवली. त्या चालवायचं यंत्र चालू करताना आधी एक थाप मारावी लागते, मग ते गुणी मुलासारखं वागतं. तुझी भावजय म्हणाली, “म्हणजे आता आठवडाभर जेवायला हाक मारायची नाही ना?”

सुरुवात हसण्यापासून करतो. तुमच्या मालिकेत विनोदाच्या आधी हसू येतं. कारण आधी आणि कार्य नंतर, हे आम्हाला न्यायशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकवलं होतं. तुमच्याकडे आधी धूर निघतो आणि मग कुणीतरी काडेपेटी शोधायला जातं. एका भागात काका नुसतं “मी आंघोळीला जातो” म्हणतात, तर अदृश्य समाज खदाखदा हसतो. मी ते दृश्य तीनदा बघितलं. विनोद सापडला नाही. काका आंघोळीला गेलेही नाहीत.

जाणार तरी कुठे? त्या घरात न्हाणीघर नाही. दिवाणखाना आहे, स्वयंपाकघराचं दार आहे, बाहेरचं दार आहे आणि एक जिना आहे. त्या जिन्यावरून धाकटी दर दोन भागांत एकदा रुसून वर जाते. वर काय आहे? खोली, गच्ची, की थेट स्वर्ग? भाष्यकार मौन आहेत.

बाबा ऑफिसात जातात. कुठल्या, ते त्यांनाही माहीत नसावं. त्यांच्या हातातली बॅग इतकी हलकी दिसते की ती बाबांच्या पुढे पुढे उडते. थोरला चार वर्षं एकाच परीक्षेला बसतो, आणि दरम्यान त्याला मिशा येतात, जातात, परत येतात. आणि यांचे सगळे गैरसमज अर्ध्या वाक्यावर उभे! “बाबा, मी तुम्हाला सांगणार होतो की...” आणि बेल वाजते. एकाने जरी वाक्य क्रियापदापर्यंत नेलं असतं तरी मालिका दुसऱ्या भागात आटोपली असती.

आता तू. रागावायचं असेल तर पाणी पिऊन घे. व्याकरणात अव्यय म्हणून एक प्रकार असतो. लिंग बदलो, वचन बदलो, विभक्ती बदलो, त्याला काही होत नाही. तुझी आई हे अव्यय आहे. थोरला नापास होवो, काकांचं लग्न मोडो, छत गळो, ती ओल्या हाताने स्वयंपाकघरातून येते, दार उघडते, “या ना” म्हणते आणि परत आत जाते. तुझ्यासारखी नटी, जिने कॉलेजच्या रंगमंचावर नुसत्या पाठमोऱ्या उभं राहून प्राचार्यांना रडवलं होतं, तिने वर्षानुवर्षं “या ना” म्हणावं! सोन्याच्या सुरीने दोडका चिरावा तसं.

फोटोचं वाचून मात्र बरं वाटलं. जाहिरातीत झळकणार म्हणजे. डाव्या बाजूने काढू दे. उजवीकडून तू थेट आत्या दिसतेस, आणि आत्या प्रत्येक फोटोत कुणाला तरी दम देत असायची.

तुझा
पंडित


१६ जून

पंडित,

माझ्या आईला मध्ये आणू नकोस. ती दम द्यायची तो तुलाच. फोटोवाल्याच्या मागे उभा राहून वाकुल्या कोण दाखवत होतं?

दोष पोचले. दोनदा वाचले, एकदा मोठ्याने. काही शंकांचं निरसन करते. जिन्याच्या वर एक फळी होती आणि फळीवर एक स्टूल. धाकटी रुसून वर गेली की दृश्य संपेपर्यंत स्टुलावर बसायची. एकदा आम्ही तिला वरच विसरून जेवायला गेलो होतो. ती इतकी खरीखुरी रुसली की पुढचा भाग फारच चांगला झाला. बाबांच्या बॅगेत त्यांचा डबा असायचा. दुपारनंतरच्या दृश्यांत ती हलकी दिसते, सकाळच्या दृश्यांत नीट बघ. आणि ते हसणं एकदाच मुद्रित केलेलं होतं, तेच सगळीकडे चिकटवायचे. शेवटी एक बाई खोकते. ऐक.

फोटोचं मात्र तू भलतंच समजलास. मी समजू दिलं. तो जाहिरातीचा फोटो नाही. भिंतीवरचा आहे.

नव्या भागात आई गेलेली असते. धाकटी परदेशातून घरी येते, सगळे फोटोखाली बसलेले, जुन्या गोष्टी निघतात, डोळे पुसतात. माझं काम एवढंच, की एक दिवस जायचं, बरे कपडे घालायचे आणि मेल्यासारखं मंद हसायचं.

कारण सांगते. मागच्या वर्षी माझा उजवा गुडघा बदलला. तुला कळवलं नाही, कारण तू दवाखान्यात येऊन गुडघ्याची व्युत्पत्ती सांगत बसला असतास. चालते मी. हळू चालते, काठी घेऊन. ते वाहिनीच्या साहेबांच्या कानावर गेलं. माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. घरी आले, काठीकडे बघितलं, आणि फार गोड आवाजात म्हणाले, “मॅडम, स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर, दिवसभर तुम्हाला झेपायचं नाही. आणि आई नसली ना, की भागाला एक खोली येते.” मी म्हटलं, “बरोबर आहे. मी गेले की माझी खोली रिकामीच होणार.” ते हसले नाहीत. त्यांना ते चिकटवलेलं हसू लागतं बहुतेक.

तुझ्याकडून दोष का मागवले, तर वाटलं, मुळात ही मालिका फार काही थोर नव्हतीच हे एकदा पटलं की मुकाट्याने भिंतीवर लटकेन. तुझ्याइतकं कुणी पटवून देणार नाही म्हणून तुला लिहिलं. झालं उलटंच. तुझं ते पत्र वाचताना मला त्या फळीचा वास आला. मला त्या भागात जिवंत राहायचंय, पंडित. एवढं एकच हवंय. पण मागू कशाच्या जोरावर? काठीच्या?

ताई


१९ जून

ताई,

नमस्कार नंतर. गुडघ्याचं भांडण वेगळं राखून ठेवलंय. ते प्रत्यक्ष भेटीत होईल आणि मी जिंकेन.

तुझं पत्र आल्यावर पेटी पुन्हा उतरवली. या वेळी दोष शोधायला बसलो नाही, तुझ्यावरच नजर ठेवून बसलो. (खोकणारी बाई सापडली. आता तिच्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.) आमच्याकडे वादाची रीत अशी, की आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग तो खोडून सिद्धान्त सांगायचा. माझं आधीचं पत्र पूर्वपक्ष समज. हा सिद्धान्त.

तुमच्या मालिकेत घरात आपणहून काहीच घडत नाही. जे घडतं ते बाहेरून येतं. घरमालक, पोस्टमन, काकांना बघायला आलेली मुलगी, चुकीच्या पत्त्यावर आलेला माणूस, झाडून सगळी कथानकं त्या एका दारातून आत येतात. आणि बेल वाजली की आत काय होतं? चार धडधाकट माणसं, तिघं सोफ्यावर आणि बाबा त्यांच्या उंच खुर्चीत, बसल्या बसल्या स्वयंपाकघराकडे माना वळवतात. चारही माना, एका तालात. एका भागात काका दाराला टेकून उभे आहेत, बेल त्यांच्या कानाशी वाजते, आणि ते हाक मारतात, “वहिनी, बेल वाजली!” मग तू आतून येतेस, काकांना बाजूला करतेस आणि दार उघडतेस. आमच्या नाटकांत सूत्रधार सुरुवातीला चार शब्द बोलून निघून जातो. तुमचा सूत्रधार ओले हात घेऊन शेवटपर्यंत राबत होता.

तेव्हा कशाच्या जोरावर मागू, असं विचारू नकोस. मागूच नकोस. गुडघा वाकवून दाखवू नकोस, जुन्या दिवसांचा विषय काढू नकोस. त्या खोलीवाल्या साहेबांना शांतपणे एकच विचार: धाकटी येते, बेल वाजते, तर दार कोण उघडणार? आणि गप्प बस. तुला गप्प बसता येतं, मला ते कधी जमलं नाही. या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही, हे मी शेंडी नसलेल्या डोक्यावर हात ठेवून सांगतो.

तुझी भावजय म्हणते, “ताईंना कळवा, फोटोत अजिबात हसायचं नाही. चांगला आला तर ठेवून घेतात.”

पंडित


२९ जून

प्रिय पंडित,

तुझा सिद्धान्त पर्समध्येच राहिला. बाहेर काढायची वेळच आली नाही. आता रुसून जिन्यावर जाऊ नकोस, पुढे वाच.

फोटोवाला उशिरा येणार होता, म्हणून मला तालमीच्या हॉलमध्ये बसवलं. जमिनीवर खडूने घर आखलेलं. हा सोफा, हे स्वयंपाकघर, हे दार. खडूच्या सोफ्यावर तीन लोखंडी खुर्च्या, त्यांवर आमचे बाबा, काका आणि थोरला. थोरल्याला आता मिशा आहेत आणि त्या पांढऱ्या आहेत. धाकटी खडूच्या दाराबाहेर बॅग घेऊन उभी. मी कोपऱ्यात, नव्या कपड्यांत, काठी मांडीवर. दिग्दर्शिका तरुण पोरगी आहे, केस बारीक कापलेले, डोळे चौकस. साहेब तिच्या शेजारी.

पोरगी म्हणाली, “चला, पहिलं पान.” तिचा मदतनीस तोंडाने म्हणाला, “टिंग टाँग.”

कुणी हललं नाही.

पुन्हा, “टिंग टाँग.” तिघांनी माना वळवल्या. खडूच्या स्वयंपाकघराकडे! तुला शपथेवर सांगते, अगदी तू लिहिलंस तशा, एका तालात. आणि वाट बघत बसले. तीन म्हातारे, शहाणेसुरते, दोघांना नातवंडं आहेत.

पोरगी म्हणाली, “अहो, कुणीतरी उठा ना!”

“कोण उठायचं?” बाबांनी विचारलं. “इथे नुसतं लिहिलंय, ‘दार उघडतात’. आदरार्थी आहे की अनेकवचनी, कळायला नको?” (पंडित, तुझी फार आठवण झाली.)

थोरला म्हणाला, “माझं वाक्य असायचं, ‘आई, कोण आलंय गं?’ मी ते बसूनच म्हणायचो.”

काका म्हणाले, “मला तर उठताना कुणी कधी दाखवलेलंच नाही.”

दाराबाहेरून धाकटी ओरडली, “मी आत येऊ, की परत विमान पकडू?”

आता सगळा हॉल हसायला लागला. चिकटवलेलं नव्हे, खरं. तरी तिघं बसलेलेच! हसतायत आणि बसलेत. शेवटी पोरगी माझ्याकडे वळली. “मॅडम, तुम्हीच सांगा ना, दार कोण उघडायचं?”

मी म्हटलं, “मला काय विचारतेस? मी मेलेय.”

तिने हातातली संहिता मिटली आणि साहेबांना म्हणाली, “सर, हे असं नाही होणार. आई हवी.”

साहेबांचा चेहरा पडला. “अहो, पण प्रेक्षकांना आई धावपळ करतानाच आवडते. यांना ते कसं जमेल?”

मी उठले. हळू उठले, उगाच लपवलं नाही. म्हटलं, “साहेब, धावणारी आई हवी असेल तर दुसरी शोधा, नाहीतर मला फोटोत लावा. मी जिवंत असेन ती बसलेली असेन. बेल वाजली तर उठणार नाही. बघा, परवडतंय का.”

साहेब म्हणाले, विचार करून कळवतो. पण पोरगी घरी जाऊन लिहायला बसलीसुद्धा. काल तिचा फोन आला, तिने साहेबांना पटवलंय. फोटो काढलाच नाही. वहिनीला सांग, न हसायचीही वेळ आली नाही.

ताई

ता. क. बाबा मला हॉलच्या जिन्यात भेटले. म्हणाले, “मी उठलो असतो गं, पण माझं मलाच कळेना कसं उठायचं.” खरंच वाईट वाटत होतं त्यांना.


३ जुलै

ताई,

जितं मया! म्हणजे जिंकलीस तू, पण संस्कृतात मी म्हणतो.

माझा सिद्धान्त न उघडता सिद्ध झाला, याचं दुःख मी एक दिवस पाळलं. तुझी भावजय सारखी म्हणते, “मी मेलेय, असं म्हणाल्या?” आणि हसते. मग तिने मला दार उघडायला पाठवलं. बेल वाजलेली नव्हती. म्हणाली, सवय लागू दे.

एका गोष्टीची मात्र धास्ती वाटते. ‘बसलेली’ या शब्दाची व्याख्या करून घे. हे लोक तुला चाकाच्या खुर्चीत बसवतील, मांडीवर शाल टाकतील, मागून सनई लावतील आणि भिंतीवरच्या फोटोचंच काम तुझ्याकडून करून घेतील. फक्त श्वास चालू. सावध राहा.

सोबत तुझ्यासाठी तीन संवाद लिहून पाठवतोय. पहिल्यात अनुप्रास साधलाय.

पंडित


२२ जुलै

प्रिय पंडित,

काल चित्रीकरण झालं. अजून थकलेय, पण तुला कळवल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून पलंगावर बसून लिहिते.

तुझे संवाद मिळाले. अनुप्रासाचा बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, हे म्हणताना दात पडतील. तेव्हा ते नाही वापरले. पण तुझी धास्ती खरी निघाली. सेटवर गेले तर चाकाची खुर्ची हजर. शालसुद्धा. निळी. मी साहेबांना म्हटलं, “ही कुणासाठी?” म्हणाले, “तुमच्या सोयीसाठी.” मी म्हटलं, “माझी सोय ती,” आणि काठीने बाबांची खुर्ची दाखवली. ती उंच पाठीची, दिव्याखालची. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत बाबांशिवाय कुणी बसलं नव्हतं. पोरीने चाकाची खुर्ची न्यायला सांगितली. बाबा आपणहून सोफ्यावर सरकले. शाल मी ठेवून घेतली, रंग चांगला होता.

दिवाणखाना हुबेहूब उभा केलाय. जिना तोच, वर फळी तीच. मी पहिल्यांदा त्या खोलीकडे बसून बघितलं. बसलं की ती मोठी दिसते रे.

नव्या लिखाणात असं होतं: बेल वाजते, तिघं सवयीने माझ्याकडे बघतात, मी वर्तमानपत्राचं पान उलटते, आणि मग बाबा उठून दार उघडतात. एका ओळीचं काम. दिवे लागले, बेल वाजली. खरी, जुनी. माझे पाय आपोआप जमिनीवर टेकले. त्यांना दामटून बसवलं आणि पान उलटलं. बाबा उठले. फार छान उठले, मी मनात शाबास म्हटलं. दारापाशी गेले, कडी काढली आणि दार ओढलं.

उघडेना.

परत ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. अख्खी भिंत डुलायला लागली, वरच्या फळीवरून धूळ पडली. बाहेरून धाकटीने टकटक केलं. बाबांनी दोन्ही पाय रोवून आणखी जोर लावला. काका आणि थोरला सोफ्यावरून नुसते बघतायत. लिहिलेलं तर यातलं काहीच नव्हतं, पण कॅमेरा चालू होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अहो, ओढताय काय? ढकला!”

आमच्या सेटचं दार पहिल्यापासून बाहेर उघडतं. आत उघडलं असतं तर सोफ्याला आपटलं असतं, म्हणून सुताराने तसंच केलं होतं.

बाबांनी ढकललं. दार धाडकन उघडलं, धाकटी बॅगेसकट दोन पावलं मागे गेली आणि ओरडली, “आई, हे काय करतायत बाबा?” मी म्हटलं, “दार उघडतायत. ये आत.” ती आली ती थेट माझ्या खुर्चीशी, आणि जमिनीवर बसून माझ्या मांडीत तोंड खुपसून हसत सुटली. सगळेच हसत होते. पोरीने बराच वेळ थांबाच म्हटलं नाही.

साहेब पुढे आले. “सुंदर! आता परत घेऊ. बाबांना दार उघडता आलं नाही.”

“हेच राहणार,” पोरगी म्हणाली.

“पण ते चुकले!”

“हो ना. हेच राहणार.” आणि ती पुढच्या दृश्याच्या तयारीला लागली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पान उलटलं.

दिवे बदलत होते तेवढ्यात बाबा येऊन माझ्या खुर्चीच्या हातावर टेकले. घामाघूम झालेले. तळवे लाल. त्यांनी दाराकडे बोट केलं.

“बाहेर उघडतं होय ते?”

“पहिल्यापासून.”

“आणि तू दर वेळी ढकलायचीस? मी ऑफिसला जातानासुद्धा?”

“मग काय तर.”

त्यांनी तळवे एकमेकांवर चोळले.

“मला वाटायचं,” ते म्हणाले, “बेल वाजली की उघडतं.”

ताई